मधल्या मापांचं गणित

दिवाळीच्या तोंडावर कपड्यांच्या ऑनलाइन बाजारात मोठी उलाढाल होते आणि तिच्या पाठोपाठ त्याच मालाची परतीची वाहतूक सुरू होते. भिवंडीच्या गोदामांतून निघालेली पाकिटं नागपूर, सांगली, पणजीपर्यंत जातात, फोडली जातात, कपडा एकदा अंगाला लावून पाहिला जातो आणि पुन्हा घडी घालून कुरिअरवाल्याच्या हाती दिला जातो. भारतीय मापांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची माहिती देताना केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने म्हटलं होतं की तयार कपड्यांच्या परतीचं प्रमाण २० ते ४० टक्के आहे, ऑनलाइन विक्रीबरोबर ते वाढतं आहे आणि कपडा अंगावर नीट न बसणं हे त्याचं मुख्य कारण आहे. म्हणजे परतीमागे गिऱ्हाइकाचा लहरीपणा असतो असं सरसकट मानायला सरकारी माहितीचाही आधार नाही.

या परतीत ज्या गिऱ्हाइकाची बाजू फारशी मांडली जात नाही, ते म्हणजे मधल्या मापाची स्त्री. इंग्रजी समाजमाध्यमांतून आलेला मिडसाइज हा शब्द आता आपल्याकडेही रुळतो आहे. आपल्या कुर्त्यांच्या हिशेबात ही स्त्री ४० ते ४४ इंचांच्या मापांत, म्हणजे एल, एक्सएल आणि डबल एक्सएल या अक्षरांत येते. तिला कपडे मिळत नाहीत अशी ओरड होत नाही, कारण ही अक्षरं जवळपास प्रत्येक कपड्याच्या पानावर असतात. थ्री एक्सएलच्या पुढच्या स्त्रीची अडचण उघड दिसते. तिला पर्यायच सापडत नाहीत आणि म्हणून तिच्यासाठी निदान प्लस साइज नावाचा वेगळा विभाग निघाला. मधल्या मापाच्या स्त्रीला पर्याय शेकड्यांनी दिसतात, पण त्यांतला कोणता अंगाला बसेल हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. माझं म्हणणं असं आहे की तिला आणखी साइज नकोत आणि आपुलकीच्या घोषणाही नकोत. तिच्या मापाचा कपडा बेतण्याची रीत सदोष आहे, तयार झालेल्या कपड्याची खरी मापं तिला सांगितली जात नाहीत, आणि हे दोन्ही दोष काढायला लागणारा पुरावा दुकानांच्या स्वतःच्या परतीच्या नोंदींत पडून आहे.

ही स्त्री मूठभरांतली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून जास्त आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण २०.६ टक्के होतं. महाराष्ट्रात ते २३.४ टक्के आहे. पण कपड्यांच्या दृष्टीने या आकड्यापेक्षा त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. त्या फेरीत कंबर आणि नितंब यांची मापंही घेतली गेली, आणि निम्म्याहून जास्त, ५६.७ टक्के स्त्रियांची कंबर नितंबाच्या मापाच्या ०.८५ पट किंवा त्याहून अधिक निघाली. आरोग्यखात्याला यातून हृदयविकाराचा धोका दिसतो. कपडे बेतणाऱ्याला यातून दिसायला हवं ते असं: पानावरच्या तक्त्यात कंबर ३४ आणि सीट, म्हणजे नितंब, ४३ असं लिहिलेलं असतं तेव्हा कंबर सीटच्या ०.७९ पट धरलेली असते. ४३ सीट असलेल्या स्त्रीचं प्रमाण ०.८५ असेल तर तिची कंबर साडेछत्तीस इंच भरते. अडीच इंचांचा हा फरक म्हणजे सव्वा साइज झाला. निम्म्याहून जास्त स्त्रियांचा बांधा ज्यात बसत नाही तो तक्ता प्रमाण मानायचा आणि कपडा बसला नाही की स्त्रीने स्वतःच्या अंगाला दोष द्यायचा, असं आजवर चालत आलं आहे.

साइज तयार कशी होते हे समजून घेतलं की दोष कुठून शिरतो ते दिसतं. कारखान्यात कोणत्याही नव्या डिझाइनचा पहिला नमुना एकाच मापात शिवतात, बहुधा एस किंवा एममध्ये. तो एका फिटिंग मॉडेलच्या अंगावर चढवून पाहतात, काख ओढते का, गळा उभा राहतो का हे तपासतात, पॅटर्न मास्टर कागदावर दुरुस्ती करतो. इथपर्यंतचं काम मन लावून होतं. पुढच्या साइज मात्र अंगावर चढवून पाहिल्या जातातच असं नाही. त्या गणिताने काढतात. एका साइजवरून दुसरीवर जाताना छातीत दोन इंच, कंबरेत दोन, सीटमध्ये दोन, शोल्डरला थोडं, मुंढ्याला थोडं, गळ्याला थोडं, असे ठरलेले टप्पे असतात. याला ग्रेडिंग म्हणतात. एका टप्प्यावर या गणिताची चूक पाव इंचाची असेल तर ती कुणाच्या लक्षात येत नाही. चौथ्या टप्प्यावर ती इंचाची होते.

आणि माणसाचं अंग या टप्प्यांनी वाढत नाही. वजन वाढलं म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत, हात लांब होत नाहीत, उंची तर मुळीच वाढत नाही. भर पडते ती दंडावर, छातीवर, पोटावर, पाठीच्या वरच्या भागावर, आणि प्रत्येकीच्या बाबतीत वेगळ्या प्रमाणात. म्हणून एक्सएलचा सुती कुर्ता अंगात घातला की एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडतात. शोल्डरची शिवण खांद्यावरून घसरून दंडावर येते, गळा इतका पसरतो की आतली पट्टी दिसते, आणि तरीही बाही दंडात रुतते. छातीच्या खाली पाठीत कापड गोळा होतं आणि पोटावर ताणलं जातं. दोन्ही बाजूंचे कट जिथे सुरू होतात ती जागा पोटाच्या सर्वांत रुंद भागावर आली तर समोरचा पडदा वर उचलला जातो आणि चालताना कट फाकतात. स्त्री म्हणते, एक साइज मोठा घ्यावा. मोठ्या साइजमध्ये दंड मोकळा होतो आणि बाकी सगळं आणखी ढगळ होतं. लहान साइज घ्यावी तर दंड आणि पोट दोन्ही अडतात. चूक दोन साइजच्या मधली नाही, कपड्याच्या आकाराची आहे, त्यामुळे साइज वरखाली करून ती सुटत नाही.

प्लस साइजचे चांगले ब्रँड हा धडा शिकले आहेत. ते लहान नमुना ताणत बसत नाहीत. मोठ्या अंगावर नवा नमुना बेततात आणि तिथून टप्पे पाडतात. पण त्यामुळे मधल्या मापाची स्त्री दोन्ही नमुन्यांपासून सर्वांत लांब राहते, एकाच्या शेपटावर आणि दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही टोकांकडून खणत आणलेला बोगदा मध्यावर जुळला नाही तर जे होतं तेच इथे झालं आहे. अमेरिकेतल्या गुड अमेरिकन या जीन्सच्या ब्रँडला आपल्या मालाच्या परतीत हे नेमकं सापडलं. नियमित साइज आणि प्लस साइज तिथे १४ आणि १६ या आकड्यांच्या आसपास एकमेकींना भेटतात, आणि परतीची अडचण याच सांध्यावर होती. त्यांनी २०१८ मध्ये या दोहोंच्या मधे १५ क्रमांकाची साइज काढली. मला यात नवी साइज निघाली यापेक्षा ती कशामुळे निघाली हे महत्त्वाचं वाटतं: कुणीतरी परत आलेल्या जीन्सची साइजवार बेरीज केली आणि ती बेरीज पॅटर्नच्या टेबलापर्यंत पोचवली.

उलट दिशेचं उदाहरण ओल्ड नेव्हीचं आहे. या अमेरिकी साखळीने ऑगस्ट २०२१ मध्ये सर्व साइज एकाच किमतीत आणि एकाच मांडणीत आणायचा मोठा उपक्रम सुरू केला. हेतू चांगला होता, नमुनेही नव्याने बेतले होते. पण वर्षभराच्या आत, २०२२ मध्ये, अनेक दुकानांत त्यांना हा विस्तार आखडता घ्यावा लागला. अगदी लहान आणि अगदी मोठ्या साइजचे ढीग उरले आणि मधल्या साइज, ज्यांचा खप सर्वांत जास्त होता, त्याच संपून गेल्या. या प्रसंगाचा दाखला देऊन व्यापारी म्हणतात की सगळ्यांना सामावून घेणं परवडत नाही. मला त्यातून दुसरंच दिसतं. साइजची रांग लांब केली म्हणजे प्रत्येक साइजचा साठा बरोबर होतो असं नाही. आपल्याकडे सणाच्या सेलमध्ये पहिल्या दिवशी एल आणि एक्सएलवर काट बसते आणि एक्सएस शेवटपर्यंत शिल्लक राहते, तेव्हा तिथेही कुणीतरी मागणी मोजण्याऐवजी सवयीने साइजचं प्रमाण ठरवलेलं असतं. ज्या साइजवर काट आहे ती पाहून न घेता गेलेली बाई विक्रीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. ‘ही साइज आल्यावर कळवा’ या बटनावर किती जणींनी बोट ठेवलं, याची नोंद मात्र दुकानाकडे असते.

अंदाजाने मापं ठरवण्याचा हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. अमेरिकेत कॅटलॉग पाहून टपालाने कपडे मागवण्याची पद्धत जोरात होती तेव्हाही परतीचे ढीग लागत. तिथल्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९, अशी मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनेच सरकारकडे प्रमाण मापांची मागणी केली आणि १९५८ मध्ये ती लागू झाली. पण पाहणीत फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली होती, आणि प्रमाण मापांत कमनीय बांधा गृहीत धरला होता. कपडे बसेनात, कंपन्या आपापल्या सोयीने आकडे बदलू लागल्या आणि १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं गेलं. पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांची स्कॅन केलेली मापं तपासली, तेव्हा छाती, कंबर आणि नितंब यांत फारसा फरक नसलेला सरळ बांधा ४६ टक्के स्त्रियांचा निघाला. ज्या कमनीय बांध्यासाठी कपडे बेतले जात होते तो जेमतेम ८ टक्क्यांचा होता. सर्वेक्षण केलं म्हणजे काम झालं, या समजुतीला हा इतिहास पुरेसं उत्तर आहे. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हाती घेतलेल्या इंडिया साइज प्रकल्पात दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याची योजना आखली गेली. हे काम मोलाचं आहे. पण त्यातून छातीच्या एका आकड्यावर बेतलेली एकच शिडी निघाली तर मधल्या मापाच्या स्त्रीच्या पदरात फारसं पडणार नाही.

एकाच शिडीला पर्याय आहे, आणि तो जपानमध्ये कित्येक वर्षं वापरात आहे. तिथल्या राष्ट्रीय मानकानुसार स्त्रियांच्या कपड्यावर ९एआर अशी खूण असते. त्यात ९ म्हणजे ८३ सेंटिमीटर छाती, ए म्हणजे त्या छातीला साजेसं सर्वसाधारण नितंबाचं माप, आणि आर म्हणजे १५८ सेंटिमीटर उंची. नितंब चार सेंटिमीटरने लहान असेल तर ए ऐवजी वाय येतो, चारने मोठं असेल तर एबी, आठने मोठं असेल तर बी. उंचीसाठी वेगळं अक्षर. म्हणजे छाती वाढली की उंचीही वाढते आणि बाहीही लांबते, हे गृहीतच तिथे धरलेलं नाही. आपल्याकडे पुरुषांच्या पँटवर कंबर आणि लांबी हे दोन आकडे इंचांत छापायला कुणाला अडचण आली नाही; स्त्रीच्या वाट्याला मात्र एकच अक्षर येतं.

आता कपड्याच्या ऑनलाइन पानाकडे जरा जवळून पाहू. कुर्त्याच्या फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच असून तिने एस साइज घातली आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट आहे. ४६ इंच लांबीचा जो कुर्ता त्या मॉडेलच्या पोटरीखाली थांबतो तो पाच फुटी स्त्रीच्या घोट्याला टेकतो. पुढे ‘साइज चार्ट’ उघडला तर छाती ४० असं लिहिलेलं दिसतं. ही छाती बाईची की कुर्त्याची? न ताणणाऱ्या सुती कापडात श्वास घ्यायला आणि हात हलवायला अंगाच्या मापापेक्षा दोन ते चार इंच मोकळीक लागते. एका विक्रेत्याच्या तक्त्यात ४० म्हणजे ४० छातीच्या बाईसाठी शिवलेला ४३ इंचांचा कुर्ता असतो, आणि दुसऱ्याच्या तक्त्यात ४० म्हणजे खुद्द कुर्ताच ४० इंचांचा, जो ३७ छातीच्या बाईला होईल. दोन्ही एकाच संकेतस्थळावर, एकाच शोधात, शेजारी शेजारी असतात. त्यातच अनेक लहान विक्रेते एक तक्ता भरून तोच आपल्या साऱ्या मालाला चिकटवतात, मग तो सरळ कुर्ता असो, अनारकली असो वा कफ्तान. आणि मधल्या मापाच्या बाईला सर्वांत जास्त लागणारं माप, दंडघेर, बहुतेक तक्त्यांत नसतंच. गल्लीतला टेलर ब्लाउजसाठी टेप लावतो तेव्हा दंडघेर कधी चुकवत नाही.

लक्ष्मी रोडवर किंवा दादरला कापडाच्या दुकानात काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकाकडे एकदा बघतो आणि “ताई, या कंपनीचं बेचाळीस घ्या, त्या कंपनीचं चव्वेचाळीस लागेल,” असं सांगून मोकळा होतो. हे ज्ञान त्याला जन्मजात नसतं. कोणत्या कंपनीचा माल आखूड येतो, कोणाचा धुतल्यावर आटतो, हे वर्षानुवर्षं बदलून द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी त्याला शिकवलेलं असतं. ऑनलाइन दुकानापाशी याच्या हजारपट अनुभव जमा आहे. प्रत्येक परतीबरोबर साइज, स्टाइल, विक्रेता, गाव आणि कारण यांची नोंद होते. पण कारणांची यादी उघडून पाहिली तर तिथे ‘साइज लहान’, ‘साइज मोठा’, ‘आवडलं नाही’ एवढेच पर्याय दिसतात. ज्या बाईचा दंड घट्ट आणि खांदा ढगळ आहे तिने काय निवडावं? ती दोहोंतलं एक निवडते आणि त्या क्षणी खरी माहिती नाहीशी होते. त्याऐवजी ‘कुठे घट्ट, कुठे सैल’ असा एक प्रश्न विचारून छाती, दंड, पोट, सीट, खांदा, लांबी हे सहा पर्याय दिले, तर दोन-तीन महिन्यांत प्रत्येक स्टाइलचं निदान हाती येईल. ते निदान दोन ठिकाणी जायला हवं. एक म्हणजे कुर्त्याच्या पानावर: ‘एक्सएल घेतलेल्यांपैकी अनेकींना दंडात घट्ट वाटला’, असं सरळ लिहून. दुसरं म्हणजे ज्याने तो कुर्ता शिवला त्याच्याकडे. आज जयपूरच्या किंवा उल्हासनगरच्या कारखानदाराच्या खात्यातून परतीचे पैसे वजा होतात आणि कारणाच्या रकान्यात साइजचा दोष एवढंच येतं. मास्टरने त्यावरून मुंढा उघडायचा की बाही, हे त्याला कसं कळावं?

फोटोंच्या बाबतीत मार्ग आधीच आखलेला आहे. युनिव्हर्सल स्टँडर्ड हा अमेरिकी ब्रँड प्रत्येक कपडा वेगवेगळ्या साइजच्या अंगावर दाखवतो आणि गिऱ्हाइकाला आपल्या साइजचा फोटो निवडता येतो. कपडे भाड्याने देणाऱ्या रेंट द रनवेने अभिप्राय लिहिणाऱ्या स्त्रियांची उंची, माप आणि फोटो एकत्र मांडून आपल्यासारख्या बांध्याच्या स्त्रियांचेच अभिप्राय वाचायची सोय केली. आपल्याकडच्या अभिप्रायांतही ही माहिती भरपूर असते. ‘छातीत बरोबर, बाही टाइट’ असं लिहिणाऱ्या बायका पुढच्या गिऱ्हाइकाची काळजी करूनच लिहितात. ते अभिप्राय साइजप्रमाणे गाळून दाखवायला नवा फोटोग्राफर लागत नाही. निदान एकच जादा फोटो काढायचा असेल तर तो एक्सएल घातलेल्या सव्वापाच फुटी स्त्रीचा काढावा, कारण माल तिलाच जास्त विकायचा आहे. स्पेनमध्ये २००७ साली आरोग्य मंत्रालयाने झारा, मँगो अशा मोठ्या ब्रँडांच्या कंपन्यांशी करार केला, तेव्हा त्यात ४६ ही साइज खास किंवा मोठ्या मापांच्या विभागात टाकायची नाही असंही कलम होतं. मधल्या मापाला वेगळ्या कोपऱ्यात न ढकलणं हा धोरणाचा विषय होऊ शकतो, हे तिथे मान्य झालं.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो खोटा नाही. पाचशे रुपयांच्या कुर्त्यात चार-दोन टक्के सुटतात. त्यात दुसरा फिटिंग नमुना, जादा फोटो, जादा मापं कुठून आणायची? पण याच कुर्त्यावर परतीचा खर्च काय पडतो तेही मांडायला हवं: दोन्ही बाजूंची वाहतूक, पुन्हा तपासणी, इस्त्री, नवं पाकीट, आणि हंगाम उलटला तर पडेल भावाने विक्री. नमुन्याची दुरुस्ती एकदा होते आणि त्या नमुन्यावर शिवलेल्या प्रत्येक नगाला लागू पडते. शिवाय प्रत्येक डिझाइन दोनदा बेतायची गरजच नाही. कारखान्यांत मूळ ढाचे मोजके असतात, सरळ कुर्ता, ए-लाइन, अनारकली, शर्ट. गळे आणि छपाई बदलून त्यांतूनच शेकडो स्टाइल निघतात. हे चार-सहा ढाचे एक्सएलच्या खऱ्या अंगावर एकदा दुरुस्त करून घेतले तरी मोठं काम होतं. दोन साइज मागवून एक परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांवर दंड बसवावा असं सुचवणारेही आहेत. दुकानाने नीट माप न सांगितल्यामुळे तिने स्वतःच्या घराची ट्रायल रूम केली. मापं सांगायच्या आधी दंड लावणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानावर भरवसा असणाऱ्यांचा: मोबाइलचा कॅमेरा आता माप घेईल, संगणक साइज सुचवेल, मग तक्त्यांची चर्चा कशाला? जपानच्या झोझो कंपनीने अंग मोजणारा ठिपक्यांचा घट्ट पोशाख २०१८ मध्ये देशोदेशी फुकट वाटला आणि त्यावरून बेतलेले कपडे विकायला घेतले. पुढच्याच वर्षी परदेशातला हा व्यवहार तिला आवरता घ्यावा लागला. अंगाचं माप अचूक मिळालं तरी कपड्याचं माप अचूक नसेल तर जुळणी कशाशी करणार? साइज सुचवणारी यंत्रणा बहुधा ‘परत आला नाही म्हणजे बसला’ असं धरून शिकते. पण आपल्याकडे न बसलेला कुर्ता घरात राहतो तो मुदत टळली म्हणून, बहिणीला झाला म्हणून, टेलरकडून ठीक करून घेतला म्हणून. अशा नोंदींवर शिकलेली यंत्रणा मधल्या मापाच्या बाईला आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला देईल. शिवाय स्वतःच्या शरीराचे फोटो दुकानाला देणं ही साधी बाब नाही; २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही अशी माहिती वापरायला तिच्या संमतीची अट घातली आहे. ज्या दुकानाने कुर्त्याचा दंडघेर अजून लिहिलेला नाही त्याने आधी बाईच्या दंडाचा फोटो मागू नये.

मोठी मापं सोयीची केली तर लठ्ठपणाला उत्तेजन मिळेल, असंही कधी कधी म्हटलं जातं. वजनाचं काय करायचं ते ती बाई आणि तिचे डॉक्टर ठरवतील. उद्या कामावर जायला तिला आजच्या अंगाचा कपडा लागतो, आणि न बसणाऱ्या बाहीने कुणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही.

सर्वांत विचार करण्याजोगा आक्षेप आपल्या मातीतला आहे: नाक्यावर टेलर असताना एवढा खटाटोप कशाला, घ्यावा मोठा आणि घ्यावा आल्टर करून. पण आल्टर करायला शिवणीत माया लागते. कारखान्याचा कुर्ता ओव्हरलॉकवर जेमतेम सेंटिमीटरभर कापड ठेवून शिवतात. तो उसवून सैल करायला जागाच नसते, फक्त घट्ट करता येतो. आणि मोठ्या साइजचा खांदा, गळा, मुंढा कमी करायचा म्हणजे अर्धा कुर्ता नव्याने शिवायचा. याचं उत्तरही आपल्याच बाजारात आहे. साडीवरचा तयार ब्लाउज ऑनलाइन विकणारे विक्रेते सर्रास लिहितात की माप ३८ आहे, आत दोन्ही बाजूंना माया आहे, ४२ पर्यंत उघडता येईल. आधी चार टिपा घातलेल्या असतात. घरी उसवायच्या सोयीने एकापाठोपाठ एक. हा ब्लाउज मधल्या मापाच्या बाईला सर्वांत प्रामाणिक वागणूक देतो. त्याने तिचं अंग गृहीत धरलेलं नसतं, खरं माप सांगितलेलं असतं आणि उरलेला निर्णय तिच्या हाती ठेवलेला असतो. कुर्त्याच्या कुशीत आणि बाहीच्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला कापड किंचित जास्त लागेल. एल ते डबल एक्सएल या तीनच साइजसाठी ती ठेवली आणि पानावर तसं लिहिलं तर कित्येक परती नाक्यावरच्या टेलरपाशी थांबतील, आणि त्यालाही काम मिळेल.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. २०२२ मध्ये वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांत सुटे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना काही सवलती दिल्या गेल्या, पण त्यातही साइजचं अक्षर आणि त्याबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधलं माप लिहिणं कायम ठेवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दुकानांनी या दोन तरतुदींतला हेतू मनापासून पाळला तरी पुरे. किमतीचा रकाना रिकामा ठेवून आज कोणत्याही ऑनलाइन बाजारात माल चढवता येत नाही. यंत्रणा पुढे जाऊच देत नाही. तसंच कुर्त्याची छाती, पोटाचा घेर, सीट, दंडघेर, शोल्डर आणि लांबी हे सहा रकाने, प्रत्येक साइजसाठी, शिवलेल्या कपड्यावर टेप लावून भरल्याशिवाय पान प्रसिद्ध होऊ देऊ नये. लहान विक्रेत्याला हे जड जाईल असं म्हणतात. टेबलावर कुर्ता पसरून सहा मापं घ्यायला काही मिनिटं लागतात, आणि टेप त्याच्या कारखान्यात प्रत्येक मशिनवर असते.